दुर्गाबाईंच्या भरवशावर

स्वरूपाने पुन्हा ट्रायथलॉनचा विषय काढला तेव्हा घरात सगळ्यात आधी हो म्हणाली ती तिची सासू. तिचा नवरा सुजित भात कालवत राहिला होता. दुर्गाबाईंनी मात्र पोळी लाटता लाटताच सांगून टाकलं, "जा तू. पोरीला मी बघते. माझ्या दोन पोरांना मीच वाढवलंय की."

सुजितला नाही म्हणायचं नव्हतं, पण हो म्हणण्याइतकी उमेदही नव्हती. चाकणच्या एका कंपनीत तो मेंटेनन्सला होता. दर आठवड्याला शिफ्ट बदलायची, आणि बाकीच्यांना सुट्टी असली की याला हमखास काम, कारण मशिनं उघडायची तर ती बंद असतानाच. आई बघणार असेल तर बघ बाई, एवढंच तो म्हणाला.

गार्गी व्हायच्या आधी स्वरूपा कोल्हापूरला एका लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये उतरली होती. तलावातलं पोहणं झालं, सायकल झाली, आणि शेवटचं पळणं अर्ध्यावर आलं असताना पोटात ढवळून आलं. रस्त्याच्या कडेला बसली ती उठलीच नाही. पुढच्याच आठवड्यात कळलं, दिवस गेले होते. घरात पेढे वाटले गेले. त्या आनंदात स्पर्धा अर्धी राहिल्याचं दुःख करणं शोभण्यासारखं नव्हतं, म्हणून तिने ते कुणाला बोलून दाखवलं नाही. पण उरलेलं ते अंतर तिच्या पायांतून गेलं नाही. तळवड्याच्या ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्यासुद्धा तिच्या पोटऱ्या अधूनमधून ताठ व्हायच्या.

गार्गी चार वर्षांची झाली, शाळेत जायला लागली, आणि स्वरूपाने आखणी केली. ती सगळी दुर्गाबाईंवर उभी होती. उजाडायच्या आत स्वरूपा बाहेर पडायची. कधी निगडीच्या तलावावर पोहायला, कधी जुन्या हायवेने सायकल, कधी नुसतं रावेतच्या पुलापर्यंत पळत जाऊन यायचं. ती परत येईपर्यंत दुर्गाबाईंनी गार्गीला उठवलेलं असायचं, दूध पाजलेलं असायचं, घट्ट वेणी घालून तिला गेटवर शाळेच्या गाडीत बसवलेलं असायचं. मग स्वरूपा अंघोळ करून ऑफिसला पळायची. शाळा सुटल्यावर ती ऑफिसातून येईपर्यंत गार्गीला सांभाळायच्या त्याही दुर्गाबाईच.

पहिले काही आठवडे अंग नुसतं ठणकत होतं. मग एका सकाळी देहूरोडच्या चढावर तिचा श्वास लागला नाही. सायकल आपोआप वर चढत गेल्यासारखी वाटली. मुलगी झाल्यापासून आपलं अंग फक्त आपलं आहे असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. घरी येऊन तिने सासूला मिठी मारली. दुर्गाबाई लाजल्या आणि म्हणाल्या, घामाची हायेस, आधी न्हाऊन ये.

भाजीत मीठ दोनदा पडलं तेव्हा स्वरूपाने मनावर घेतलं नाही. दुर्गाबाई गार्गीला विजू म्हणायला लागल्या, तेही नवलाचं नव्हतं. विजयश्री ही त्यांची मुलगी, नाशिकला दिलेली, आणि गार्गी तिच्यासारखीच दिसायची. पण दिवाळीच्या आधी एका रविवारी ती सायकलवरून आली तर जिन्यातच जळका वास. गॅसवर रिकामं पातेलं, बूड लाल झालेलं, मूठ वितळून ओघळलेली. दुर्गाबाई हॉलमध्ये गार्गीशेजारी शांतपणे टीव्ही बघत बसल्या होत्या. स्वरूपाने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, पातेलं कागदात गुंडाळून खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून दिलं. रात्रपाळी करून सुजित घरी पोचायच्या आत घरात उदबत्तीचा वास होता. म्हातारपणी एवढं व्हायचंच, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खरं नाही हेही तिला त्याच क्षणी ठाऊक होतं.

मग सोसायटीचा वॉचमन रोहिदास एकदा तिला पार्किंगमध्ये भेटला. आजी लिफ्टपाशी बराच वेळ उभ्या होत्या, म्हणाला, कुठला मजला ते आठवेना, मी वर सोडून आलो. स्वरूपाने त्याचे आभार मानले आणि सुजितला हे सांगू नका म्हणून विनवलं. उगाच काळजी करत बसतील. रोहिदासने मान हलवली. डॉक्टरकडे न्यायला हवं हे तिला कळत होतं. पण डॉक्टरकडे नेलं की सुजितला कळणार, सुजितला कळलं की गार्गीला आजीजवळ ठेवणं बंद होणार, आणि मग सकाळचं बाहेर पडणंही. स्पर्धा फेब्रुवारीत होती. तेवढी होऊ दे, मग आपणच नेऊ, असं तिने ठरवलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी तिला लोणावळ्यापर्यंत सायकल मारून लगेच पळायचं होतं. सुजित कंपनीत गेला होता. गार्गी झोपेत होती. दुर्गाबाई चहा घेत होत्या आणि अगदी नेहमीसारख्या होत्या. सावकाश जा, म्हणाल्या.

कामशेतच्या पुढे पाणी प्यायला थांबली तेव्हा तिने खिशातला फोन काढला. रोहिदासचे कितीतरी मिस्ड कॉल होते. लावल्याबरोबर तो म्हणाला की भांडी घासायला आलेल्या विमलबाईंना दार सताड उघडं दिसलं, घरात ना आजी ना बेबी. स्वरूपाने सायकल वळवली. पाय चालत होते, पण रस्ता सरत नव्हता. वडगावला एका पिकअपवाल्याला हात केला, त्याने सायकलसकट चढवून घेतलं. वाटेत तिने सुजितला फोन लावला. तो लगेच निघतो म्हणाला.

गार्गी दुपारी सापडली, काळेवाडी फाट्याच्या बसस्टॉपवर. एका हारवालीने तिला आपल्या टोपलीजवळ बसवून घेतलं होतं आणि पोलिसांना बोलावलं होतं. पोर रडलीसुद्धा नव्हती. आजीने इथेच बस म्हणून सांगितलं होतं, म्हणून ती बसली होती. आजी कुठे गेली असं विचारल्यावर ती म्हणाली, "आबा कंपनीतून सुटणार आहेत ना, त्यांना आणायला."

आबा म्हणजे बबनराव, सुजितचे वडील. ते जाऊन बारा वर्षं झाली होती. ते जिथे होते ती पिंपरीतली कंपनी त्याच्याही आधी बंद पडली होती.

चौकीत आजींचं वर्णन लिहून घेत होते. कुठलं लुगडं होतं, पायात काय होतं, ते सांगायला रोहिदासला आणलं होतं. हवालदाराने विचारलं, याआधी कधी असं झालं होतं का? सुजित नाही म्हणाला. रोहिदास सरळ माणूस, पोलिसांपुढे उभा. तो म्हणाला, "दिवाळीच्या टायमाला झालं होतं साहेब. मॅडमना सांगितलं होतं मी."

सुजितने बायकोकडे बघितलं नाही. सही केली, बाहेर आला. ती गार्गीला कडेवर घेऊन मागोमाग आली. मोटारसायकलपाशी थांबून त्याने विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी पोरीला तिच्याजवळ ठेवून गेलीस."

तिने गार्गीला दुसऱ्या कडेवर घेतलं. तिला वाटलं होतं तो ओरडेल. त्याने हेल्मेट घातलं, गाडी चालू केली आणि आईला शोधायला निघून गेला.

दुर्गाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी सापडल्या. बंद कंपनीच्या भिंतीला लागून इमारतीचा पाया खणला होता, त्या खड्ड्यात. रात्रभर थंडीत पडून होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. वर काढताना त्या कामगारांना विचारत होत्या, भोंगा झाला का.

ऑपरेशन झालं. हाड बसलं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. हॉलमध्ये खाट आली. स्वरूपाने ऑफिसकडून घरून काम मागून घेतलं आणि खाटेशेजारीच लॅपटॉप मांडला. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पावडर लावणं, हे सगळं ती एकटीने करायला लागली. सुजित मदतीला पुढे आला की ती म्हणायची, राहू दे. शिफ्टहून आला की तो आईच्या उशाशी बसायचा. स्वरूपाशी बोलायचा ते औषधांचं आणि गार्गीचं, तेवढंच. विजयश्री नाशिकहून येऊन आठवडाभर राहून गेली. भावाने तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. जाताना ती वहिनीच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. स्वरूपाला ते सहन झालं नाही, पण तिने ऐकून घेतलं.

जानेवारीतल्या एका दुपारी ती दुर्गाबाईंचे केस विंचरत होती. उरलेच किती होते. दुर्गाबाई बराच वेळ खिडकीकडे बघत होत्या. मग अगदी स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "ते पातेलं तू फेकलंस ना?"

स्वरूपाचा हात थांबला.

"मी बघितलं व्हतं. गुंडाळून न्हेलंस. मलाबी कळत व्हतं गं. डोस्क्यातलं एकेक निसटाय लागलंय म्हणून."

"मग बोलला का नाहीत आई?"

"सुजितला कळलं असतं तर त्यानं तुझं जाणं बंद केलं असतं." त्यांचे ओठ सुकले होते, स्वरूपाने चमच्याने पाणी घातलं. "आन् पोरीला माझ्यापासनं काढून घेतली असती. तिचं सगळं माझ्याकडं व्हतं. ते गेल्यावर मी दिवसभर करायचं काय?"

स्वरूपा त्यांच्या हातावर डोकं ठेवून रडली. त्यांनी तिच्या केसांतून बोटं फिरवली. थोड्या वेळाने विचारलं, तू कुनाची गं?

ही गोष्ट सुजितला सांगावी असं तिला कितीदा वाटलं. ओझं निम्मं झालं असतं. तुझ्या आईलाही माहीत होतं, तिनेही लपवलं, तीही गार्गीला घेऊन बसलीच ना. पण पुढचं वाक्यही तिला ऐकू यायचं: आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं, तुझं तर होतं. आणि ते खरंच होतं. शिवाय खाटेवरच्या बाईला आता स्वतःची बाजू सांगता येणार नव्हती. स्वरूपा बोलली नाही.

फेब्रुवारीत दुर्गाबाईंच्या छातीत कफ भरला. चार दिवसांत त्या गेल्या.

दहाव्याला नदीच्या घाटावर बार्शीकडचे नातेवाईक आले होते. दुर्गाबाईंची थोरली जाऊ शालनबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, अशी सून नशिबाने मिळते, पोटच्या पोरीने केलं नसतं एवढं केलं हिने. बायकांनी माना डोलावल्या. सुजित कोपऱ्यात बसला होता. तो उठला, चपला घातल्या आणि घाटाच्या पायऱ्या उतरून खाली नदीकडे गेला. सगळ्यांना वाटलं, आईच्या आठवणीने भरून आलं. स्वरूपाने मान खाली घालून पानं वाढायला घेतली.

त्यानंतर घर चालत राहिलं. गार्गीला शाळेनंतर ताथवड्याच्या एका पाळणाघरात ठेवायला लागले. ती अधूनमधून विचारायची, आजी आबांना घेऊन कधी येणार? दोघांपैकी जो जवळ असेल तो उत्तर द्यायचा. दुसरा खोलीतून निघून जायचा.

मार्च संपत आला होता. सुजितची दुसरी शिफ्ट होती, सकाळी तो घरी असायचा. एक दिवस चहाचा कप विसळता विसळता तो म्हणाला, "सकाळी मी असतो घरी. जायचं असेल तर जात जा."

तिने त्याच्या पाठीकडे बघितलं. ही माफी होती, की सकाळची ती समोर नको होती, हे तिला कळेना. विचारायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती गेली. नुसती पळायला, रावेतच्या पुलाच्या अलीकडपर्यंत. अंग जड झालं होतं, श्वास लागत होता, दर थोड्या अंतरावर चालावं लागत होतं. मागून कामगारांच्या बस चाकणकडे जात होत्या. परत आली तेव्हा गार्गी शाळेला गेली होती. सुजित आतल्या खोलीत कपडे इस्त्री करत होता. पोहे झाकून ठेवलेत, एवढंच तो आतून म्हणाला.

ती टेबलाशी बसली. पोहे गार झाले होते. त्याला हाक मारावी म्हणून तिने तोंड उघडलं, मग तशीच खायला लागली.