दानम्माचा दात

गंगम्मा अख्ख्या गल्लीत सांगत सुटायची, "आमच्या सुनंसारकी गरीब सून सोलापुरात न्हाय. तीन वर्षं झाली, मोठ्यानं हसली न्हाय की उलटून बोलली न्हाय." सून दानम्मा ओठांवर पदर धरून ऐकून घ्यायची. तिचा वरचा पुढचा दात खोटा होता. लहानपणी रहाटाचा दांडा तोंडावर बसला होता. पाहुणे मुलगी बघायला येणार म्हटल्यावर वडिलांनी घाईघाईनं दात बसवून घेतला. मोठ्यानं बोललं की तो हलायचा. गरीबपणा काय तो एवढाच, बाकी पोरगी लवंगी मिरची होती.

बाळ आडवं आलं आणि सिझर ठरलं. भुलीच्या डॉक्टर देगावकरबाई तपासायला आल्या.

"आ कर."

दानम्मानं बोटभर फट उघडली.

"अगं, यातून नळी कशी घालू? भुलीत श्वास अडकला तर तूही जाशील आणि बाळही. मोठा आ कर."

"मर्यादेची हाय हो ती," गंगम्मा कौतुकानं म्हणाली. "माज्याम्होरं न्हाय करायची."

"मग तुम्ही बाहेर जा."

"सुनंला सोडून? मी न्हाय जायची!" गंगम्मा खाटेवरच बसली.

दानम्मानं ओठ आणखी घट्ट मिटले. दात दिसला तर सासू कायमची माहेरी धाडणार. बाईंनी मान हलवली. "जबडाच उघडत नाही हिचा. मी भूल द्यायची कशी?"

पोटात बाळानं लाथ मारली. दानम्मानं पदर सारला, दात काढला आणि सासूच्या तळहातावर ठेवला.

"खोटा हाय, आत्याबाई. काय शिव्या द्यायच्या त्या मागनं द्या."

"तुज्या बापानं फसवलं की गं आमाला!"

"भांडण नंतर," घशात बॅटरी मारत बाई म्हणाल्या. "हा दात भुलीत सुटून श्वासनळीत गेला असता म्हणजे? आता कसं सगळं दिसतंय. घ्या हिला आत!"

मुलगी झाली, खणखणीत आवाजाची. गंगम्मा दोन दिवस फुगून बसली, पण नातीला मांडीवरून खाली ठेवीना. इकडे दानम्माला लपवायचं काही उरलंच नव्हतं. चहा पुचाट आहे, पोरीचं नाव मीच ठेवणार, झबलं असं घालतात होय? सगळा वॉर्ड ऐकत होता.

शेवटी गंगम्मानं देगावकरबाईंना व्हरांड्यात गाठलं आणि पदराची गाठ सोडली. "बाई, एवढा दात परत बसवा की तिला. लई बोलती हो!"

आतून दानम्मा खदखदून हसली. "दात ऱ्हाऊ द्या, आत्याबाई! आदी नातीला घ्या, तुमच्याबिगर गप बसंना ती."

"आले, आले!" म्हणत गंगम्मानं दात गाठीत बांधला आणि लगबगीनं आत पळाली.