तीस शर्टांत महिना

बोलणं महाग राहिलं असतं, तर मास्तरीणबाईंचा फायदाच होता. आठवड्याला दोन साड्यांची बिनपैशाची इस्त्री, एक कप चहा, आणि शेजारणीच्या मुलाची खबर गल्लीत सगळ्यांत आधी त्यांना. आठ वर्षांचं हे उत्पन्न आता बुडणार होतं, आणि ते बुडवायला बाई स्वतःच रिचार्जच्या दुकानात उभ्या होत्या. बाजूला ती शेजारीण, इस्त्रीवाली, काउंटरवर नोटा सरळ करकरून मांडत होती.

तिने तीन बोटं वर केली, मग मूठ गोल केली. तीस शर्ट. तिचा सगळा हिशेब शर्टांत चालायचा. महिनाभराचा डेटा म्हणजे तीस शर्टांची इस्त्री.

"मावशी, तुमचा मुलगा परगावी गेला तेव्हा हेच तीनशे शर्टांना पडलं असतं," दुकानदार म्हणाला. "व्हिडिओ लावला की चेहरा दिसेपर्यंत पॅक खलास. आता कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्यात, आपलं साधतंय."

बाईंनी ते खुणांनी इस्त्रीवालीला पोचवलं. एवढं एक सांगताना त्यांनी पदरचं काही घातलं नाही.

इस्त्रीवाली जन्मापासून ऐकत नव्हती, अक्षरओळखही नव्हती. मायलेकांच्या घरच्या खुणा होत्या, आणि भिंतीला भिंत लागून असल्यामुळे त्या बाईंनाही येत होत्या. मुलगा दूरच्या शहरात क्रेन चालवायला गेला आणि दर रविवारी, चहाच्या सुट्टीत, बाईंच्या फोनवर बोलू लागला. बाई ऐकायच्या, फोन ठेवायच्या आणि मग आईला हातांनी सांगायच्या.

"निम्मे मी भरते," बाईंनी खूण केली.

"मुलगा माझा, शर्ट माझे," इस्त्रीवालीने उत्तर दिलं आणि नोटा दुकानदाराकडे सरकवल्या.

बाई हसल्या, पण चष्मा दोनदा पुसला. त्यांना भीती वाटत होती, आणि ती साड्यांची नव्हती. मुलाचा फोन दर आठवड्याला एकाच साच्याचा असे. "बाई, पैसे टाकलेत. आई बरी ना? ठेवतो." बस. समोर इस्त्रीवाली हातातली इस्त्री उभी करून, डोळ्यांत प्राण आणून बघत असायची. तिला एवढंसं कसं द्यायचं? म्हणून पहिल्या वर्षी बाईंनी त्यात चिमूटभर घातलं. पुढे हात सैल सुटला. मुलगा गुडघ्याची चौकशी करू लागला, आईच्या हातच्या जेवणाची आठवण काढू लागला, थंडीत बाहेर बसू नकोस म्हणून रागावू लागला. तीस वर्षं दुसऱ्यांचे निबंध तपासलेल्या बाईंना स्वतः निबंध लिहायची संधी मिळाली होती, आणि विषयही चांगला होता. इस्त्रीवाली तो निबंध गिऱ्हाइकांसमोर मिरवायची. असा मुलगा कुणाला आहे, असं तिची मान सांगायची.

आता तो मुलगा पडद्यावर येणार होता, स्वतःच्या तोंडाने. म्हणजे, स्वतःच्या हातांनी.

रविवारी तो आला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, गाल भरलेले. इस्त्रीवालीने आपला फोन कपड्यांच्या गठ्ठ्याला टेकवून उभा केला. बाई मागे स्टुलावर बसल्या. त्यांना पडदा दिसत होता, हेच वाईट होतं.

मुलाचे हात गंजले होते. एकेक खूण तो आठवून आठवून करत होता.

"जेवलीस?"

"जेवले. गुडघाही बरा आहे. दर आठवड्याला विचारतोस, आता काळजी सोड."

त्याच्या कपाळावर आठी पडली.

"कुठला गुडघा?"

बाईंनी नजर इस्त्रीच्या तव्यावर लावली. इस्त्रीवालीचे हात हवेत जिथे होते तिथेच थांबले. मग अगदी सावकाश खाली आले.

"डावा," ती म्हणाली. "झाला बरा."

मुलगा हात उचलायचा, परत मांडीवर ठेवायचा. शेवटी तो उठला आणि त्याने फोन फिरवला. तो एका अर्ध्या बांधलेल्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर होता. खाली शहर पसरलं होतं, वर आभाळाला टेकलेली क्रेन. त्याने बोट आधी क्रेनकडे नेलं, मग स्वतःच्या छातीकडे. मग एकेक मजला दाखवत परत छातीकडे. हा मी उचलला. तोही मीच.

इस्त्रीवाली फोनला इतकी चिकटली, की तिचा श्वास काचेवर उमटला. तिने पदराने काच पुसली. मग त्याला थांब म्हणाली आणि फोन उचलून आपल्या टेबलावरून फिरवला. एकावर एक एकशेदहा शर्ट, सगळ्यांच्या घड्या एका रेषेत. वरच्या शर्टाची कॉलर तिने कॅमेऱ्यापुढे धरली.

मुलाने शेजारच्या कुणाला तरी हाक मारली. दुसरं हेल्मेट पडद्यात आलं. त्याला ती कॉलर दाखवत मुलगा काहीतरी सांगत होता. फोनचा आवाज बंदच होता. पण 'आई' म्हणताना ओठ कसे उघडतात, ते तिला कुणी सांगायला नको होतं.

फोन संपल्यावर बाई उठल्या. "चला. माझं काम संपलं."

इस्त्रीवालीने त्यांचा हात धरून पुन्हा स्टुलावर बसवलं. खुणांत अहो-जाहो नसतं. तरी तिचं बोलणं बाईंना नेहमी 'अहो'नेच समजायचं.

"मला ऐकू येत नाही, पण मोजता येतं," ती म्हणाली. "माझी एक बाही होईल एवढ्या वेळात त्याचा फोन संपायचा. मग तुमचे हात पाच शर्टांएवढे चालायचे."

बाईंना चष्म्याची काडी सापडेना.

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून."

"मग रागावली नाहीस ती?"

इस्त्रीवालीने समोरची कॉलर उचलली आणि टिचकी मारून दाखवली. ताठ होती.

"खळ घातल्याशिवाय कॉलर उभी राहते का?" ती म्हणाली. "कापड मात्र चांगलं लागतं. आज बघितलंत ना कापड?"

"बघितलं."

"पुढच्या रविवारी या. तो कमीच बोलतो."

तिने इस्त्री पुन्हा हातात घेतली. इकडच्या डेटाचे तीस शर्ट तिने भरले होते, तिकडचे पैसे मुलाने. आठ वर्षांची खळ तेवढी बाईंच्या पदरची होती, आणि पुढच्या रविवारचीही त्यांनी मनातल्या मनात स्वतःच्याच नावावर मांडून टाकली.