दुधाच्या यादीतलं नाव

उकंडा माझा पाठचा भाऊ. त्याच्या आधीची दोन लेकरं जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारच्या सुभद्राबाईंनी ओंजळभर ज्वारी देऊन विकत घेतलं. राहायचा तो आमच्याच घरी, पण आईनं त्याला कधी 'माझा' म्हटलं नाही. सटवाईनं ऐकलं तर ती यालाही नेईल, ही तिची भीती.

स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झाली होती. आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात. त्या हिवाळ्यात आमच्या सोनाळ्याच्या चावडीपुढे मोटार आली. जगभरच्या देशांनी मिळून लेकरांसाठी दुधाची भुकटी पाठवली आहे, असं मोटारीतून आलेल्या नर्सबाईंनी सांगितलं. आईचं दूध आटलं होतं. तीन महिन्यांचा उकंडा पेजेच्या पाण्यावर होता; रडतानाही दमायचा.

डबा फक्त आईच्याच हातात मिळणार होता. आमची पाळी आली.

"लेकरू तुझं का?"

"नाही बाई," आई म्हणाली, "सुभद्राबाईचं."

सुभद्राबाई साठीच्या, तोंडात दोनच दात. त्या पुढं झाल्या. "मायंच आहे. लिहा."

म्हातारीले कोणता नवस पावला वं, असं मागून कोणीतरी म्हणालं आणि रांग हसली. खरं काय ते साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण कोणी बोललं नाही. दुसऱ्याच्या लेकराचा घात कोण करणार? नर्सबाईंना वाटलं, डब्यासाठी लबाडी चालली आहे. उकंडा माझ्या कडेवर होता. तू तरी खरं सांग, हा तुझा भाऊ ना, त्यांनी मला विचारलं. मी नऊ वर्षांची. आईकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. त्याला आता सत्तर वर्षं होऊन गेली.

डबा परत पेटीत गेला. उकंडा संक्रांतीच्या आधी गेला.

पुढं मोटार वरवट बकालला आल्याचं कळलं. आई मला घेऊन तिथवर चालत गेली, रांगेत उभी राहिली. नर्सबाईंनी खाली मान घालूनच नाव विचारलं.

"उकंडा. मायं लेकरू."

त्यांनी लिहिलं, डबा काढला, मान वर केली. माझी कड रिकामी होती. त्यांनी आम्हाला ओळखलं असावं. मग हळूच म्हणाल्या, "तेव्हा का नाही सांगितलं?"

"तवा तो होता बाई. आता कोणी आयकलं तं आयकू द्या."

डबा तिनं घेतला नाही.