सुमनबाईंचे डबे

गोजराबाईचं माहेर पंचवटीपलीकडच्या मळ्यातलं. वांगी, मेथी, घेवडा यांच्यातच ती लहानाची मोठी झाली. लग्नानंतर नाशिक रोडच्या कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आली, तेव्हा सामायिक गॅलरीत कुंड्या मांडणारी पहिली तीच. कुणाच्या झाडाला कीड लागली की बायका तिला हाक मारत, आणि ती हाक तिला फार गोड लागे.

सत्त्याहत्तर साली शेजारच्या खोल्यांत सुमनबाई आल्या. शाळेत शिकवायच्या. मातीत कधी हात घातलेला नव्हता, पण हौस दांडगी. त्यांनी पाण्याने भरलेल्या घमेल्यांत विटा ठेवल्या, विटांवर मातीने भरलेले तेलाचे डबे. डब्यांच्या बुडाला भोकं पाडून जुन्या सुती साडीच्या पिळलेल्या पट्ट्या खाली पाण्यात सोडल्या.

"दिव्याची वात तेल ओढते ना, तसं," त्या म्हणाल्या.

"बघू, किती दिवस चालतंय," गोजराबाई म्हणाली.

चाललं. पुढच्या उन्हाळ्यात नळाला पाणी कमी झालं. गोजराबाईची वांगी दुपार झाली की माना टाकत. सुमनबाईंचे टोमॅटो मात्र टवटवीत, लालबुंद. बायका आता तिची कुंडी ओलांडून डबे बघायला जात. तिचा नवरा मोतीराम जेवताना म्हणाला, "शेजारचे टोमॅटो का? वाढ अजून." तिने वाटी अशी आदळली की आमटी त्याच्या सदऱ्यावर उडाली.

मे महिन्यात सुमनबाई बहिणीकडे कळवणला निघाल्या. झाडांना पाणी घालायला त्या आपल्याला सांगतील, अशी गोजराबाईची खात्री होती.

"तुम्हाला तसदी नको," सुमनबाई जाताना म्हणाल्या. "घमेली भरलीत. मी येईपर्यंत पुरेल."

ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं. दोन दिवस ती हिरव्यागार पानांकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने तांब्याने सगळी घमेली उपसली आणि ते पाणी आपल्या वांग्यांना घातलं.

टोमॅटो कोमेजले तेव्हा तिला बरं वाटलं. पानं कुरकुरीत वाळली तेव्हा मात्र भीती वाटली. पिण्याच्या हंड्यातलं पाणी आणून तिने घमेली पुन्हा भरली, वरूनही ओतलं. एक रोप कसंबसं सावरलं. बाकीची गेली.

सुमनबाई परतल्या आणि डब्यांपाशी वाकून घमेली बघू लागल्या. "पाणी तर तसंच आहे हो! म्हणजे पट्ट्यांनी ओढलंच नाही. माझंच काहीतरी चुकलं. जाऊ दे, भंगारवाल्याला देते."

गोजराबाईला जे हवं होतं ते हेच. गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. पण सुमनबाई त्या पट्ट्या बोटांनी चाचपत होत्या, पुन्हा पुन्हा.

"तुमचं काय नाय चुकलं," ती म्हणाली. "पाणी मी काढलं. मग परत भरलं."

सुमनबाईंनी हातातली पट्टी सोडली. "का पण? विचारलं असतं तर शिकवलं असतं मी."

"तेच विचारवत नव्हतं. मळ्यातली मी, अन् तुमच्याकडनं शिकायचं?"

सुमनबाईंनी वाचलेलं रोप उचलून आत नेलं आणि दार लावलं.

पुढे कित्येक दिवस दोघी एकमेकींना टाळत राहिल्या. शेवटी पावसाळा सरता सरता सुमनबाईच एक रिकामा डबा घेऊन आल्या.

"वांग्याची चांगली रोपं मिळवून द्या मला," त्या सरळच म्हणाल्या. "पट्ट्या मी दाखवते."

दोघी गॅलरीत बसल्या. गोजराबाईने साडी फाडली, सुमनबाईंनी पीळ कसा द्यायचा ते दाखवलं. तिचा पीळ सैल पडला. सुमनबाईंचा घट्ट, एकसारखा होता. गोजराबाईने मुकाट्याने आपली पट्टी उलगडली, पुन्हा पिळायला घेतली आणि तिरक्या डोळ्यांनी त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. आतली जळजळ गेली नव्हती. पण ती उठून मात्र गेली नाही.