माइक चालू होता

सामना थोड्याच वेळात सुरू होईल, मंडळींनी दोरीच्या आत येऊ नये, असं हरिओमने पुन्हा एकदा सांगितलं. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शाळेच्या पटांगणात मधोमध कबड्डीची निळी मॅट अंथरलेली होती, तिच्यावरचं ऊन तिरपं होत चाललं होतं आणि चारी बाजूंनी माणसं बसलेली होती. रोहिणखेडहून, धामणगाव बढ्याहून लोक ट्रॅक्टर भरून आले होते. सगळ्यांनी तिकीट काढलं होतं आणि सगळ्यांना एकच माणूस पाहायचा होता.

तो माणूस शाळेच्या शेवटच्या वर्गात बसला होता आणि बाहेर येत नव्हता.

प्रसेनजित याच गावचा. नाल्याच्या पलीकडच्या वस्तीतल्या जानरावांचा मुलगा. याच पटांगणाच्या मातीत खेळून तो मोठ्या लीगमध्ये गेला, टीव्हीवर दिसू लागला. त्याला ‘बिजली’ हे नाव हरिओमने दिलं होतं. हरिओम तसा शेतकरी; वांगी आणि मिरची पिकवणारा. पण आवाज असा, की पंचक्रोशीतल्या स्पर्धा, लग्नं, मिरवणुका त्याच्याशिवाय होत नसत. एका सामन्यात तोंडाला आलं म्हणून तो बिजली म्हणाला, आणि पुढे टीव्हीवरचे हिंदी समालोचकही तेच म्हणू लागले. त्या दिवशी सलूनमध्ये टीव्हीसमोर उभ्या असलेल्या हरिओमने अर्धी दाढी तशीच ठेवून घरी धाव घेतली होती, बायकोला सांगायला.

यंदा लीग सुरूच झाली नाही. खेळाडूंची संघटना आणि संघांचे मालक यांचं बिनसलं. खेळाडूंना वाढीव मानधन हवं, असं टीव्हीवर पट्टीत येऊ लागलं आणि वर प्रसेनजितचा फोटो. तो संघटनेच्या पुढाऱ्यांपैकी एक होता. आधी गावाने कौतुक केलं. मग संध्याकाळी टीव्ही लावला की जुनेच सामने दिसू लागले, आणि कौतुक आटत गेलं. सगळ्यांत जास्त चिडला तो हरिओम. दिवसभर वाकून वांगी तोडायची, बाजारात मिळेल त्या भावात टाकून यायची, आणि संध्याकाळी एक तास डोळे भरून खेळ पाहायचा, एवढंच त्याचं मागणं होतं. तेही या पोरांनी काढून घेतलं. खेळायचेच पैसे मिळतात, वरून रुसून काय बसतात, आपल्या वांग्यांना कोण भाव वाढवून देतं, असं तो सलूनमध्ये बोलायचा आणि खुर्च्यांवर बसलेले माना डोलवायचे.

म्हणून गावच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष नारायणराव जेव्हा म्हणाले, की पोरं रिकामीच आहेत तर प्रसेनजितला त्याच्या जोडीदारांसह गावातच खेळवू, तेव्हा सगळ्यांत आधी हो म्हणणारा हरिओमच होता. प्रसेनजितही लगेच तयार झाला. गावासाठी खेळायचे आपण काही घेणार नाही, असं त्याने फोनवर सांगितलं होतं.

आणि आता तो वर्गात बसला होता.

हरिओम माइक ठेवून शाळेकडे गेला. वर्गात सात-आठ जण बाकांवर दाटीवाटीने बसलेले, खेळाच्या कपड्यांत. त्याला पाहून प्रसेनजित उठला आणि पाया पडला. गुडघ्याला पट्टा बांधला होता, त्यामुळे वाकताना त्याने बाकाचा आधार घेतला.

"काका, मैदानाच्या भवताल ते बोर्ड लावले, ते काढाले सांगा," तो म्हणाला. "लगेच उतरतो आमी."

हरिओमने खिडकीतून पाहिलं. दोरीच्या कडेने प्रसेनजितच्या लीगमधल्या संघाच्या मालकाच्या कंपनीचे फलक लावलेले होते. सकाळीच आले होते. त्याने ते पाहिले होते आणि पटांगण कसं शोभून दिसतंय असं त्याला वाटलं होतं.

"बोर्डानं काय होते?"

"ज्याच्यासंग भांडण चालू आहे त्याच्याच नावाखाली खेळलो, त मंग भांडण कायचं? संघटनेत ठरलं आहे तसं. नारायणकाकाले मी फोनवर सांगतलं होतं. ते हाव म्हणाले होते."

"इतके लोक तिकीट काढून आले, बाबू."

"मले मालूम आहे." प्रसेनजितने कोपऱ्यातल्या एका मुलाकडे बोट दाखवलं. तो खेळाच्या कपड्यांत नव्हता. त्याच्या बाकाला कुबडी टेकवलेली होती. "याचा गुडघा गेला मागच्या सालात. मालकानं करार मोडून टाकला. दवाखाना ज्याचा त्यानं पाहावा म्हणे. आमी पह्यले हेच मांगून राह्यलो, की खेळता खेळता मोडलो त तुमी पाहा."

"टीवीवर त वाढवून मांगता असं सांगते."

"वाढवूनबी मांगतो," प्रसेनजित म्हणाला. "तेबी खोटं नाही."

हरिओमला हे उत्तर आवडलं नाही. त्याने नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो जायला वळला तेव्हा मागून प्रसेनजित म्हणाला, "लोकाईले खरं काय ते सांगून देजा, काका. तुमचं ऐकते ते."

व्हरांड्यात नारायणराव उभे होते. फलक काढणं जमणार नाही, असं त्यांनी हरिओमने विचारायच्या आधीच सांगून टाकलं. कंपनीची माणसं पुढच्या रांगेत बसली होती. मंडप, मॅट, जनरेटर, सगळं त्यांनी दिलेलं. मग ते हरिओमच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले,

"बोर्डाचं काही बोलू नको. पैशावरून अडलं म्हण. खोटं आहे का ते?"

हरिओमने पटांगण ओलांडताना त्याचा विचार केला. खोटं नव्हतं. पैशावरूनच तर सगळं अडलं होतं. खुर्च्यांच्या पहिल्या ओळीत प्रसेनजितची आई रुख्मिणी बसली होती, पांढऱ्या काठाची निळी साडी नेसून, भोवती गावातल्या बायका. नारायणरावांच्या घरच्यांनी तिला मुद्दाम पुढे बसवलं होतं. ती हरिओमकडे पाहून हसली. जानराव आले नव्हते. पोराला कोणी पाडलेलं त्यांना पाहवत नसे, म्हणून त्यांनी आजवर त्याचा एकही सामना चालू असताना पाहिला नव्हता.

हरिओमने माइक हातात घेतला.

"मंडळी, ज्या पोराला तुम्ही खांद्यावर घेऊन नाचलात, तो आत बसलेला आहे. आणि पैशावरून अडलेलं आहे."

एवढंच बोलायचं त्याने ठरवलं होतं. पण समोरून एक मोठा उसासा आला, साऱ्या पटांगणाचा मिळून एकच. त्या उसाशाने हरिओमच्या अंगात काहीतरी हललं. गर्दी हाताशी आली की त्याला नेहमी असं व्हायचं. कित्येक महिने सलूनमध्ये घोळवलेला राग आयताच जिभेवर आला.

"काय करणार," तो म्हणाला, "गावच्या मातीलाही आता भाव लागतो."

वाक्य छान पडलं होतं. त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं, चारी कर्ण्यांतून, शाळेच्या भिंतीवर आपटून परत येताना. लोक हसले. कोणी शिट्टी वाजवली. मागच्या बाजूला कोणी तरी तेच वाक्य मोठ्याने म्हटलं, मग आणखी कोणी.

मग हसणं थांबलं.

पाण्याची एक बाटली मॅटवर येऊन पडली आणि गडगडत मधल्या रेषेपाशी थांबली. ती उचलायला कोणी गेलं नाही. मंचाच्या खाली बसलेल्यांचं बोलणं हरिओमला वरून नीट ऐकू येत होतं. आधी ते प्रसेनजितबद्दलच बोलत होते. त्याले काय कमी आहे, त्याले माज आला, त्याले गावानं मोठं केलं. हे सगळं हरिओम स्वतःही बोलला होता. पण थोड्या वेळाने ‘त्याले’ जाऊन ‘याहिले’ आलं, एकाचे अनेक झाले. याहिले कितीही द्या. याहिले डोक्यावर कोणी बसवलं. वस्तीचं नाव कोणी घेत नव्हतं, आणि घेण्याची गरजही नव्हती. कालपर्यंत सगळे ‘आपला प्रसेनजित’ म्हणत होते. तो ‘आपला’ कुठे, कधी गळून पडला, ते हरिओमला कळलं नाही.

त्याने पहिल्या ओळीकडे पाहिलं. रुख्मिणी तशीच बसलेली होती, हात मांडीवर ठेवून. तिच्या उजवीकडची बाई उठून मागे गेली. मग डावीकडची उठली. पदर सावरत, चप्पल शोधत एकेक जण उठत गेली, आणि तिच्या भोवतीच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. रुख्मिणीने मान वळवून पाहिलं नाही.

हरिओम मंचाच्या कडेशी आला.

"मंडळी," तो माइकवर म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. पोरं फुकट खेळायला तयार आहेत. प्रसेनजित एक पैसाही मागत नाही. फक्त हे फलक काढायचे आहेत. एक पोरगा कुबडीवर आहे, त्याच्या औषधपाण्याचं..."

माइक चालू होता. त्याचा आवाज पटांगणावरून, कौलांवरून, पार नाल्यापलीकडच्या कापसाच्या पऱ्हाटीपर्यंत गेला असेल. पण लोक उठून उभे राहत होते आणि एकाचीही मान त्याच्याकडे वळली नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. नारायणरावांनी तेवढं मंचाकडे पाहिलं, मग जनरेटरवाल्याकडे बोट केलं. कर्णे खरखरले आणि बंद झाले.

दोरी तुटली. लोक मॅटवरून, चपला-बुटांनी, शाळेकडे गेले. वर्गाचं दार लोटलं तर आत बाकांशिवाय काही नव्हतं. मागच्या फाटकातून खेळाडूंना जीपमध्ये बसवून बुलढाण्याकडे काढून दिलं होतं. नारायणरावांनीच ती तजवीज केली होती. मारामारी त्यांना नको होती. कंपनीची माणसं बसलेली होती.

गर्दीला आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. परगावचे लोक शिव्या देत ट्रॅक्टरकडे निघाले. गावची तरणी मंडळी मात्र तिथेच राहिली, शाळेच्या पायऱ्यांवर, मोटारसायकलींवर. त्यांचा आरडाओरडा थांबला होता, आणि हरिओमला तेच नको वाटत होतं. ती हळू बोलत होती. मंचावरून उतरताना त्याला त्यातलं एकच वाक्य नीट ऐकू आलं.

"घर त कुठी जीपमधी बसून जात नाही."

कोणी हसलं नाही.

हरिओमने पहिल्या ओळीकडे पाहिलं. रुख्मिणी तिथे नव्हती. फाटकाबाहेर, नाल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तिची निळी साडी दिसली. ती एकटीच चालली होती, घाईही न करता.

तो तिच्या मागे गेला. पोलीस पाटलांना फोन लावला, तर ते मलकापूरला लग्नात होते, बघतो म्हणाले. हरिओमने पाऊल उचललं आणि वळणाच्या आधी तिला गाठलं.

"मावशी, जानराव घरी आहेत का?"

"हाव. फोन लावून राह्यली मी. उचलत नाहीत." तिने हातातला मोबाइल दाखवला. "टीवी लावला असन मोठ्यानं. जुनी म्याच. जुन्या म्याचमधी पोरगं नव्यानं पडत नाही ना, म्हणून पाह्यतात तेवढी."

ऊन उतरलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी होती, बोंडं फुटायला आलेली. पुढे नाल्यावरचा पूल दिसत होता, आणि पुलापलीकडे निळा झेंडा, पाण्याची टाकी, घरांची पहिली ओळ.

"मावशी, मी जे बोललो..."

"ऐकलं," ती म्हणाली. "मी पुढंच बसेल होती."

तिच्या आवाजात राग असता तर त्याला काही बोलता आलं असतं. माफ करा म्हणायचं त्याच्या मनात होतं, पण मंचावर घडवून घडवून बोललेल्या इतक्या वर्षांच्या शब्दांमध्ये त्याला तो साधा शब्द सापडेना. त्याने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, परत ठेवला.

मागे मोटारसायकली सुरू झाल्याचा आवाज आला. एक, मग दुसरी, मग त्या वेगळ्या मोजता येईनात.

रुख्मिणीने डोक्यावरचा पदर नीट केला.

"तुमी जा घरी, भाऊ," ती म्हणाली. "तुमाले कोणी काही म्हणणार नाही."

ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे तिने इतक्या सहज म्हटलं, की हरिओमला रस्त्याच्या कडेला थांबून बसावंसं वाटलं. तो थांबला नाही. आवाज जवळ येत गेला. गाड्या दणाणत पुढे निघून जातील असं त्याला वाटलं होतं, पण या दोघांपाशी येताच त्यांचा वेग कमी झाला. कोणी बाजूने पुढे गेलं नाही, सगळ्या मागेच राहिल्या. पेट्रोलचा वास आला. कोणीतरी एकदाच हॉर्न वाजवला, अगदी हलका, ओळखीच्या माणसाला वाजवतात तसा.

"हरिओमभाऊ," मागून आवाज आला. सलूनमध्ये रोज शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या अविनाशचा. आवाजात कसलाही उर्मटपणा नव्हता. "तुमी जरा बाजूले व्हा."

हरिओमने वळून पाहिलं नाही. काहीतरी बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं. माइक नव्हता, निघाला तो आवाज लहान होता, शेजारच्या माणसापुरता.

"चला, मावशी," तो म्हणाला, आणि कडा सोडून रस्त्याच्या मधोमध चालू लागला.