दोनशे आठचा आकडा

मित्रांनो, मी एक जुनी डेमो गाडी आहे. वय म्हणाल तर तीन वर्षंही पुरती झालेली नाहीत. पण विहिरीच्या दोरावर फिरले नसतील एवढे हात माझ्या स्टिअरिंगवर फिरले आहेत, म्हणून जुनी म्हणायचं. मी विजेवर चालते. माझ्या कहाणीत मिरवण्यासारखं थोडं आणि लपवण्यासारखं जास्त आहे. जे लपवावंसं वाटतं तेच आज सांगायचं ठरवलं आहे.

कारखान्यात माझ्या पोटाखाली बॅटरी बसवली, अंगाला पांढरा रंग दिला आणि मला एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे अंदाज बांधणं. समोरच्या पडद्यावर मी एक आकडा दाखवते. अजून किती किलोमीटर जाईन, तो हा आकडा. लोकांना वाटतं, तो बॅटरीतल्या विजेवरून ठरतो. तेवढ्यावरून नाही, मित्रांनो. गेल्या काही दिवसांत मला कोणी कसं चालवलं, हे पाहून मी तो ठरवते. हळू चालवलं तर आकडा फुगतो, दामटलं तर उतरतो.

ही गोष्ट प्रफुल्लला फार लवकर कळली. भंडाऱ्याजवळ शहापूरला महामार्गाच्या कडेला एक शोरूम आहे, तिथे तो गाड्या विकायचा आणि मला त्याच्याच हाती दिलं होतं. पोरगा गोड बोलणारा आणि कामसू होता. रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी तो मला घेऊन भंडाऱ्यापलीकडच्या कारध्याच्या पुलापर्यंत जायचा. एसी बंद, काचा खाली, वेग पस्तीसच्या वर नाही. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जायचे. पुलावर वळून तो तसाच रमतगमत परत यायचा. महिनाभरात माझा आकडा दोनशे आठवर गेला. पायलीत धान ढिलं भरून जास्त दाखवावं, तसलाच हा प्रकार होता. मला ते ठाऊक होतं आणि तरी मला आवडत होतं, हे आधीच कबूल करते.

आवडणारच. लोक पडद्याकडे बघायचे आणि भुवया उंचावायचे. टेस्ट ड्राइव्हला एकटा माणूस कधी आलाच नाही. बायको, भाऊ, शेजारी, मोटारीतलं कळणारा एक मावसभाऊ, असे पाचाच्या जागी आठ जण बसायचे. कोणी दार आपटून बघायचं, कोणी चाकाला लाथ मारायचं. आवाज येत नाही म्हणून एका म्हाताऱ्याने मी चालू आहे हे मान्यच केलं नाही. शेवटी सगळे आकड्यापाशी यायचे आणि मान डोलवायचे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी माझी गत होती, पण वाळा कोणी कसोटीवर घासून पाहत नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात तृप्ती आली. लाखनीजवळच्या गावची, शाळेत शिकवणारी. बरोबर तिचे वडील मंगरूबाबा आणि आई सुमनबाई. वही घेऊन आली होती. भंडाऱ्यातल्या दुसऱ्या शोरूमची निळी गाडीही तिने त्याच दिवशी मागवून घेतली होती, आणि चहाच्या टपरीजवळच्या मोकळ्या जागेत आम्हा दोघींना शेजारी उभं करून ती एकेक रकाना भरत होती. किंमत, सामानाची जागा, दाराची उंची, आकडा.

दाराची उंची बाबांसाठी होती. त्यांचे गुडघे गेलेले होते. निळीचं आसन उंच होतं. बाबा तिच्यात बसले, उतरले आणि म्हणाले, "यात बसाले सोपं जाते, बाई."

पण निळीचा आकडा एकशे पंचावन्न होता. गिऱ्हाइकं तिला जशी चालवायची तसाच खरा आकडा ती दाखवायची. तृप्ती वहीत बोट ठेवून विचारात पडली.

"आमाले चौदा ऑक्टोबरले दीक्षाभूमीवर जाचं आहे," ती प्रफुल्लला म्हणाली. "जाणं-येणं एकशे सत्तर होते. मधात कुठं थांबाचं नाई, बाबाले उतरता-चढता येत नाई. होईन का?"

"आरामात होते, मॅडम. समोर दिसूनच राहिलं ना, दोनशे आठ."

मंगरूबाबांना मध्येच उतरण्याची धास्ती होती, आणि तिला कारण होतं. दोन वर्षांमागे नागपूरहून येताना काळीपिवळी जीप बंद पडली. बाकीचे धावत दुसऱ्या गाडीत चढले. बाबांना पाय उचलेना, ते एकटेच सडकेवर राहिले. तेव्हापासून त्यांनी नागपूरचं नाव टाकलं होतं. लहानपणी, छप्पन साली, वडिलांच्या खांद्यावर बसून ते दीक्षाभूमीवर गेले होते. मरणाआधी एकदा पुन्हा जायचं मनात होतं, पण सडकेवर पडायचं नव्हतं.

ते कसेबसे माझ्यात बसले. माझ्या पडद्याखाली हात ठेवून त्यांनी मलाच विचारलं, "मधात उतरवशीन त नाई?"

मित्रांनो, मला तोंड नाही. माझं उत्तर म्हणजे तो आकडा. मी तो तसाच दाखवत राहिले.

जूनमध्ये त्यांनी मला घेतलं. डेमोची म्हणून थोडी स्वस्तात पडले, आणि निळी परत गेली. घरी माझं फार कौतुक झालं. सुमनबाई रोज ओल्या फडक्याने मला पुसायच्या. तृप्ती मला घर ते शाळा, शाळा ते घर एवढंच चालवायची, तेही गावातल्या बैलबंड्यांच्या मागून, हळूहळू. त्यामुळे आकडा तिथेही उतरला नाही. खरं बाहेर पडायला मोठा रस्ता लागतो.

तो ऑक्टोबरमध्ये आला. बाबांनी पांढराशुभ्र पायजमा-सदरा घातला होता. ऊन कडक म्हणून एसी लावला, महामार्ग म्हणून वेग ऐंशी-नव्वद झाला. किलोमीटर दहा व्हायचे आणि आकडा चौदाने उतरायचा. नागपुरात पोचलो तेव्हा पडद्यावर ब्याण्णव राहिले होते, आणि घर पंच्याऐंशीवर होतं.

दीक्षाभूमीवर बाबांनी हात जोडले. परत येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. तेवढं तरी माझ्याकडून झालं, असं मी स्वतःला सांगत असते.

परतताना तृप्तीने एसी बंद केला. "सात जास्त आहेत," ती आईला म्हणाली. मौद्याजवळ चार्जिंगची सोय होती, पण पडद्यावर छप्पन होते आणि घर बावन्नवर. माझं म्हणणं खरं मानून ती पुढे निघाली. ती मास्तरीण होती, तिची वजाबाकी चोख होती. चुकीची होती ती मी दिलेली रक्कम. जुन्या हळू चालीचा फुगा आता भराभर उतरत होता, आणि शहापूरला येईपर्यंत आकडा घराच्या अंतराच्याही खाली गेला. तिथे चार्ज करता आलं असतं, पण शोरूमला आठवड्याची सुट्टी, शटर खाली. तिने वेग कमी केला. मागे बाबा घामाने भिजले होते. "मले काई होत नाई, तू सडकेकडं पाह्य," एवढंच म्हणत होते.

कारध्याचा पूल ओलांडला आणि माझा जोर संपला. प्रफुल्ल रोज सकाळी जिथे मला वळवायचा, त्याच जागेच्या थोडं पुढे मी थांबले. पडद्यावर शून्य आलं. माझ्या आयुष्यातला तो पहिला खरा आकडा.

मागून ट्रक येत होते. "बाबा, उतरा लागन," तृप्ती म्हणाली. बाबांनी माझ्या दाराला धरलं. एक पाय खाली टेकला, दुसरा येईना. दोघी मायलेकींनी त्यांना उचलून करंजाच्या झाडाखाली नेलं. पांढऱ्या पायजम्याला गुडघ्यापाशी चिखल लागला. मला तोंड फिरवता आलं असतं तर मी फिरवलं असतं.

फोन गेल्यावर प्रफुल्ल जवळच्या वरठीहून मोटारसायकलने आला. ओढून नेणारी गाडी मागून येत होती. "तुमी एसी लावला असन, मॅडम, जोरात चालवली असन," तो म्हणाला.

"उन्हात एसी लावाचा नाई, हे तवा काहून नाई सांगतलं?" तृप्तीने विचारलं.

प्रफुल्लने बाबांकडे पाहिलं, मग पुलाकडे. मान खाली घालून तो म्हणाला, "आकडा मीच फुगवत होतो, आजोबा. रोज सकाळी. इथवर येऊन."

मंगरूबाबा रागावतील असं मला वाटलं. मी तर वाटच पाहत होते.

"खोटं त माहा बाप भी बोलला होता, बाबू," ते सावकाश म्हणाले. "छप्पन साली तीन दिवस पायी गेलो. मी पाच वर्साचा. किती राहिलं मनलं, त तो मने, दोन कोस. सकाळी दोन कोस, दुपारी दोन कोस. सारं खोटं." ते थोडं हसले. "पन त्यानं मले खांद्यावरून उतरवलं नाई."

प्रफुल्लने डोळे पुसले. मी तिथे सडकेवर उभी होते, दोन्ही दारं सताड उघडी.

मला ओढत घरी आणलं. तृप्तीने मला विकलं नाही, हा तिचा मोठेपणा. तिने माझ्या पडद्याच्या कडेला एक कागद चिकटवला आणि त्यावर लिहिलं, 'खरे एकशे चाळीस.' प्रफुल्ल एकदा येऊन गेला. आता तो गिऱ्हाइकाला पोतं-बोचकं, सगळं कुटुंब आणि एसीसकट मोठ्या रस्त्यावर पाठवतो म्हणे. गाड्या कमी विकल्या जातात, असंही म्हणाला. कधीकधी मला ती निळी आठवते. एकशे पंचावन्न म्हणून ती परत गेली होती. कोणाच्या दारात आहे, कोण जाणे.

मित्रांनो, आमच्यासारख्या गाड्या तुमच्या दारात येतील. आम्हाला पुसा, वेळेवर चार्ज करा, पण आधी आम्हाला नीट तपासा. आमची फुगलेली स्तुती ऐकून भुलू नका. आणि कधी कोणी थकलेलं माणूस तुम्हालाच विचारेल, कुठवर नेशील, तेव्हा नेता येईल तेवढंच सांगा.

परवा बाबांना डोळे दाखवायला भंडाऱ्याला जायचं होतं. पुष्कळ दिवसांनी ते माझ्यात बसले. आता तृप्ती मला अधूनमधून मोठ्या रस्त्यावरही पळवते, म्हणून मी एकशे अडतीस दाखवत होते आणि तो आकडा अगदी खरा होता. त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही. कडेचा कागद वाचला, मग तृप्तीला विचारलं, "भंडारा किती आहे, बाई?"

"बावीस, बाबा."

"मंग चाल."

मला त्यांनी काही विचारलं नाही.