मास्तरांचा दरवर्षीचा प्रश्न

"अहो मास्तर, किती वर्षं बाहेरूनच दार वाजवत बसणार? आता आत या की!" असं म्हणत काटुसीमेबाईंनी मास्तरांच्या बशीत आणखी एक समोसा ठेवला.

संसदेच्या उपाहारगृहात दुपारची गर्दी होती. एरियाबू सेनफुमा हे क्यासेन्याचे सदस्य. राजकारणात येण्यापूर्वी ते गावच्या शाळेत गणित शिकवत, म्हणून त्यांना अख्खी संसद मास्तर म्हणे. त्यांच्या नावावर एकही कायदा नव्हता की परदेश दौरा नव्हता. मागच्या बाकावर बसायचं, मतदान करायचं आणि शनिवारी बसने गावी जायचं, एवढाच त्यांचा खाक्या. लोक त्यांना ओळखत ते एकाच गोष्टीसाठी. अर्थसंकल्पाच्या दिवशी 'गोपनीय खर्च' हा शब्द यायचा, पुढे भलीमोठी रक्कम असायची आणि तपशिलाच्या नावाने शून्य. तो आला की मास्तर उठत आणि विचारत, "हा पैसा नेमका कशावर जातो, हे सभागृहाला कळेल काय?"

"उठले! वह्या काढा रे!" असं मागून कोणीतरी ओरडायचं. मंत्री म्हणायचे, "देशाच्या सुरक्षेवर." सभागृह हसायचं आणि होकाराच्या गजरात रक्कम मंजूर व्हायची.

लुबेगाला नेल्यापासून मात्र मास्तरांनी त्या प्रश्नाला शेपूट जोडलं होतं. "आणि क्यासेन्याच्या लुबेगाला ज्या गाडीत घालून नेलं, तिचं पेट्रोलही याच पैशातलं काय?" यावर कोणी हसत नसे. लुबेगा हा मास्तरांचाच विद्यार्थी. बाजारपेठेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. निवडणुकीच्या दिवशी पोलिसांनी कोणाला कसं बडवलं, हे त्याने आपल्या मोबाइलवर टिपलं आणि गावभर पाठवलं. नंतर एका दुपारी नंबर नसलेली पांढरी गाडी आली आणि त्याला उचलून घेऊन गेली. पोलिसांनी काखा वर केल्या, लष्करानेही केल्या.

काटुसीमेबाई या गोपनीय खर्चावर देखरेख ठेवणाऱ्या समितीच्या अध्यक्षा. समितीत एक जागा रिकामी होती. "तिथे सगळं सांगतात, सेबो," त्या 'साहेब' म्हणावं तशा आदराने म्हणाल्या. "अगदी सगळं."

मास्तर हरखून गेले आणि हो म्हणाले. ही बातमी गावी पोचली तेव्हा लोकांनी बकरा कापला, हिरव्या केळ्यांचं मटोके शिजवलं. लुबेगाची आई, माम्मा लुबेगा, रीतीप्रमाणे मास्तरांपुढे गुडघे टेकून बसली.

"मास्तर, आत गेलात की एवढंच विचारा. आहे की नाही. आहे म्हणाले तर थांबेन, कितीही थांबेन. नाही म्हणाले तर त्याची माती करीन. पण हे असं अधांतरी आता सोसवत नाही हो मला."

"पहिल्याच दिवशी विचारतो, माम्मा."

"आणि आल्याबरोबर मला सांगा."

"सांगणार म्हणजे सांगणार," मास्तर म्हणाले. त्या घडीला त्यांना ते खरंच वाटत होतं.

समितीच्या खोलीला खिडकी नव्हती. मोबाइल बाहेर पेटीत ठेवायचे, लिहून काही घ्यायचं नाही. आधी हात वर करून शपथ: इथे जे ऐकीन ते कोणालाही सांगणार नाही, सभागृहालासुद्धा नाही. मोडली तर तुरुंग. मास्तरांनी ती शाळेच्या प्रार्थनेसारखी खणखणीत म्हटली.

गुप्तहेर खात्याचे संचालक मृदू बोलणारे गृहस्थ निघाले. मास्तरांनी विचारावं आणि त्यांनी सांगावं. भाड्याची घरं कुठे आहेत, गाड्या किती, खबऱ्यांना काय देतात, कोणत्या पाद्र्याच्या चर्चला छप्पर घालून दिलं. मास्तरांना वाटलं, उगाच आपण इतकी वर्षं घसा कोरडा केला. नुसतं आत येऊन विचारायचं होतं. त्यांच्या अंगात उत्साह आला.

"क्यासेन्याचा लुबेगा," ते म्हणाले. "मोबाइल दुरुस्त करायचा, तो."

संचालकांनी शेजारच्या माणसाच्या कानाला लागून काही विचारलं. "हो, आमच्याकडेच होता. गेला तो. पावसाळ्याच्या तोंडावर."

"गेला म्हणजे?"

"वारला, सेबो. ताप म्हणा हवं तर."

"पुरलं कुठे?"

"पुरलं व्यवस्थित. आता हे या खोलीबाहेर जाणार नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. इथे बसलेल्यांखेरीज कोणाला माहीत नाही. बाहेर गेलंच तर कोणी नेलं हे शोधायला आम्हाला फार वेळ लागत नाही."

"पुढचा विषय," काटुसीमेबाई म्हणाल्या. कोणीतरी चहा ओतला. काटुसीमेबाईंनी खोटं काही सांगितलं नव्हतं, हे मास्तरांना तिथे बसल्या बसल्या कळलं. इथे सगळं सांगतात, कारण सांगितलं की माणसाच्या तोंडाला कुलूप लागतं.

त्यानंतर मास्तर गावाकडे फिरकलेच नाहीत. माम्मा लुबेगाचा फोन यायचा.

"विचारलंत का हो?"

"काम चालू आहे, माम्मा."

"बरं. मी रोज पाटावर त्याचं ताट ठेवते. ठेवू ना?"

यावर मास्तर "आवाज तुटतोय" म्हणून फोन बंद करत. आवाज मुळीच तुटत नसे. त्यांना स्वतःची लाज वाटे आणि भीतीही वाटे, आणि यातलं जास्त काय वाटतं हे त्यांना सांगता आलं नसतं. तुरुंगात गेलेली माणसं त्यांनी पाहिली होती. परत आलेली थोडी होती.

अर्थसंकल्पाचा दिवस आला. कामकाज रेडिओवर थेट जात होतं. आपला मास्तर उठणार म्हणून क्यासेन्याच्या दुकानात या दिवशी लोक जमत, आणि माम्मा लुबेगा पुढच्या बाकावर बसे. हे मास्तरांना ठाऊक होतं.

सभागृहात शिरताना काटुसीमेबाईंनी त्यांना गाठलं. "मास्तर, तुम्ही आज उठा हं. नेहमीसारखं विचारा."

"विचारू? उत्तर माहीत असताना?"

"म्हणून तर! नाही उठलात तर लोक म्हणतील, याला आत काहीतरी कळलंय. संचालकांचंही तेच म्हणणं आहे. विचारायला कुठे बंदी आहे?"

मास्तर जागेवर जाऊन बसले. उठलं, विचारलं की झालं, हे खरंच सोपं होतं. कोणी हसलं असतं, मंत्री सुरक्षेवर म्हणाले असते आणि तिकडे बाकावर बसलेल्या बाईने आणखी वर्षभर ताट ठेवलं असतं. शपथ त्यांनी गप्प राहण्याची घेतली होती. बोलण्याची घेतली नव्हती.

'गोपनीय खर्च' वाचून झाला. सवयीने सगळ्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. सभापतीही थांबले.

"क्यासेन्याचे सन्माननीय सदस्य?"

"हजर आहे, महोदय."

"काही विचारायचंय?"

"नाही, महोदय. मला काहीही विचारायचं नाही."

"मास्तरांना समिती मानवली!" कोणीतरी ओरडलं आणि सभागृह खदखदून हसलं. काटुसीमेबाई तेवढ्या हसल्या नाहीत. रक्कम होकाराच्या गजरात मंजूर झाली.

संध्याकाळपर्यंत गावाहून फोनवर फोन आले. "किती दिले, मास्तर?" "नवी गाडी कधी आणताय?" मास्तर ऐकून घेत राहिले. माम्मा लुबेगाचा फोन मात्र आला नाही.

शनिवारी ते बसमधून उतरले तर तिच्या अंगणात भर दिवसा ओंडके पेटवलेले दिसले. मयत असलं की घरापुढे पेटवतात, तशी आग. केळीच्या बागेत खड्डा खणून झाला होता. देह नव्हता, म्हणून केळीचा खांब कापून झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळला होता. देह सापडत नाही त्याची माती अशीच करतात. येणारा प्रत्येक जण तिच्यापाशी जाऊन "किटालो" म्हणत होता, फार वाईट झालं म्हणत होता. मास्तर तिच्यासमोर गेले आणि तो शब्द त्यांच्या जिभेवर थिजला. त्यांनी किटालो म्हणणं म्हणजे लुबेगा गेल्याचं कबूल करणंच. माम्माने नेहमीसारखे गुडघे टेकले आणि त्यांचा हात हातात घेतला. तिचा हात गरम होता, ती आगीजवळ बसली होती.

तेवढ्यात कर्णा धरलेल्या माणसाने पुकारलं. आमच्याकडे मयतीला पुढारी भाषण करतोच, पुकारणाऱ्याला तरी काय ठाऊक! "आता आपले सदस्य, लुबेगाचे मास्तर, दोन शब्द बोलतील!"

गर्दीच्या कडेला मोटारसायकलला टेकून एक अनोळखी तरुण उभा होता. त्याने मोबाइल वर धरला.

माम्मा लुबेगा उठली, तरातरा गेली आणि तिने कर्णा हिसकावून घेतला.

"मास्तरांना बोलायला लावू नका," ती म्हणाली. आवाज बागेपलीकडे जाईल इतका मोठा होता. "त्यांनी मला काही म्हणजे काही सांगितलेलं नाही. ऐकलंत ना सगळ्यांनी? फोनवाल्या, तू पण ऐक. माझ्या पोराची माती मी माझ्या मनाने करतेय."

तिने कर्णा परत दिला. तरुणाने मोबाइल खाली घेतला. मास्तरांनी कोट काढून शेजारच्याच्या हातात दिला, फावडं मागून घेतलं आणि माती लोटायला लागले.